नागपूरच्या वकिलाची शीळ

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा आमचा 'थर्ड लँग्वेज'चा पेपर होता, पस्तीस मार्क मिळाले की गंगेत घोडं न्हालं! त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. मराठी विभागासाठी मी लिहीन असं मागच्या वर्षी मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण झालं असं की...

सबमिशनचे दिवस होते. रात्री साडेनऊला आमच्या प्रताप नगरच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये दोघी-तिघीच उरल्या होत्या आणि माझ्या मोबाईलवर नेहमीप्रमाणे स्पॅनिश गाणं चालू होतं. लुइस फोन्सीचं 'देस्पासितो'. जुनं झालंय, तरी माझं पाठ आहे. मेसच्या मावशी ताटं उचलता उचलता थांबल्या आणि म्हणाल्या, "काय म्हणून राहिला वं तो?"

आता काय सांगणार? मी म्हटलं, "प्रेमाचं गाणं आहे मावशी."

"ते तर समजलंच. पण म्हणते काय?"

मला सांगता येईना! मला एवढंच माहीत होतं की 'देस्पासितो' म्हणजे हळूहळू, सावकाश. बाकी सगळे शब्द तोंडपाठ, अर्थ शून्य. मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "आमचे गाणे बरे मंग. समजते तरी." मग भांडी आवरता आवरता त्या काहीतरी गुणगुणायला लागल्या. भंडाऱ्याकडच्या आहेत त्या. धानाच्या रोवणीच्या वेळी बाया म्हणतात ते गाणं. दोन कडवी झाली आणि त्या अडल्या. तिसरं आठवेना. "माय म्हणे ते. मले नाही येत पूर्ण." आई जाऊन बरीच वर्षं झाली. विषय तिथेच संपला.

पण माझ्या डोक्यातून जाईना. मोबाईलमध्ये पोर्टो रिकोच्या माणसाचं गाणं आहे, आणि भंडाऱ्याच्या माऊलीचं तिसरं कडवं कुठेच नाही. असं का होतं? कुणाचं गाणं रेकॉर्ड होतं आणि कुणाचं नाही, हे ठरतं कशावर? हे शोधता शोधता मी पोचले थेट आपल्याच शहरात, नव्वद वर्षांपूर्वीच्या एका तरुण वकिलापाशी. त्यांची ही गोष्ट.

आधी थोडं फोन्सीबद्दल

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : रेगेटन हा संगीतप्रकार काही कुठल्या मोठ्या कंपनीने शोधून काढलेला नाही. पनामामध्ये जमैकाच्या रेगेच्या चालींवर लोक स्पॅनिशमध्ये गायला लागले, मग पोर्टो रिकोतल्या वस्त्यांमध्ये १९९० च्या दशकात त्याला आजचं रूप आलं. सगळ्याचा पाया एकच, 'डेम्बो' नावाचा ठेका. तो ठेका इतका चिकट आहे की एकदा कानात बसला की परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा पाय हलतो! सुरुवातीला ही गाणी घरच्या घरी कॅसेटवर भरून हातोहात विकली जायची. १९९५ मध्ये तिथल्या पोलिसांनी अश्लीलतेच्या नावाखाली दुकानांतून या कॅसेट जप्तसुद्धा केल्या होत्या. २००४ मध्ये डॅडी यांकीचं 'गॅसोलिना' आलं आणि तेच संगीत जगभर पोचलं.

लुइस फोन्सी मात्र या गल्लीतला नव्हताच. तो संथ, हळव्या प्रेमगीतांचा गायक. फ्लोरिडाच्या विद्यापीठात रीतसर आवाजाचं शिक्षण घेतलेला. त्याचा पहिला अल्बम १९९८ चा. 'देस्पासितो' आलं जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे तब्बल एकोणीस वर्षांनी! त्यात त्याने आपली हळवी चाल ठेवली आणि डॅडी यांकीला सोबत घेऊन खाली रेगेटनचा ठेका दिला. अमेरिकेच्या 'बिलबोर्ड'च्या यादीत ते गाणं सोळा आठवडे पहिल्या नंबरवर होतं आणि यूट्यूबवर तीन अब्ज वेळा पाहिला गेलेला तो पहिला व्हिडिओ ठरला.

म्हणजे इथे तीन गोष्टी एकत्र आल्या. एक, हळवा आवाज. दोन, लोकांच्या ओठावरची भाषा. तीन, ते सगळं घरोघर पोचवणारं नवं यंत्र. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, कारण आता आपण नागपूरला परत येतोय.

दोन वकील, एक कविता

१९३० च्या दशकाची सुरुवात. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. आकाशवाणीचं नागपूर केंद्र यायला अजून बराच वेळ होता, ते सुरू झालं १९४८ मध्ये. या नागपुरात गोविंद नारायण जोशी नावाचे एक तरुण वकील होते. जन्म १९०९ चा. म्हणजे तेव्हा वय साधारण आपल्या फायनल इयरच्या पोट्ट्यांएवढं, फार तर एक-दोन वर्षांनी जास्त. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना 'जी. एन. जोशी' म्हणून ओळखायला लागला.

इकडे बुलढाणा जिल्ह्यात मेहकरला आणखी एक वकील होते, ना. घ. देशपांडे. त्यांचाही जन्म १९०९ चाच! हे वकिलीच्या जोडीला कविता करायचे. त्यांची एक कविता होती 'शीळ'. शीळ म्हणजे शिट्टी (हो, मला हा शब्द माहीत नव्हता. मी 'शिळं अन्न' समजत होते!). गावाकडची एक प्रेमात पडलेली मुलगी, रानातून घुमत येणारी शीळ, आणि ती ऐकून तिच्या मनाचं काय होतं ते. बस, एवढीच गोष्ट. शब्द अगदी साधे, बायकांच्या बोलण्यातले.

जी. एन. जोशींनी या कवितेला स्वतः चाल लावली, स्वतः गायली आणि 'एचएमव्ही' कंपनीने तिची ध्वनिमुद्रिका काढली. ती तुफान चालली. मराठी भावगीताची पहिली गाजलेली रेकॉर्ड म्हणून आजही तिचं नाव घेतलं जातं. पुढे त्याच कवीचं 'नदीकिनारी' त्यांनी गायलं. मो. ग. रांगणेकरांचं 'चकाके कोर चंद्राची' हे युगुलगीत त्यांनी गायलं ते गांधारी हनगल यांच्याबरोबर. या गांधारी म्हणजे कोण? पुढे किराणा घराण्याच्या थोर गायिका म्हणून देश ज्यांना ओळखू लागला त्या गंगूबाई हनगल! सुरुवातीच्या रेकॉर्डवर त्यांचं नाव गांधारी असं छापलेलं असे.

आणि एक गंमत बघा. 'शीळ' हा ना. घ. देशपांडे यांचा कवितासंग्रह पुस्तक म्हणून छापून आला तो १९५४ मध्ये. म्हणजे पुस्तक यायच्या वीस वर्षं आधीपासून ती कविता तबकडीवरून घरोघर गेली होती. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही ती पाठ होऊ शकत होती. पुढे १९८६ मध्ये कवीला 'खूणगाठी' या संग्रहासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पण यात एवढं नवीन काय होतं?

हा प्रश्न मलाही पडला. मराठीत गाणी आधीपासून होतीच की! नाट्यगीतं होती, बालगंधर्वांच्या रेकॉर्डवर लोक जीव टाकत होते. लावण्या होत्या, अभंग होते, शास्त्रीय संगीत होतं. भारतातलं पहिलं मोठं रेकॉर्डिंग तर १९०२ मध्येच कलकत्त्याला झालं होतं, गौहर जान यांचं.

फरक असा की नाट्यगीत हे नाटकातल्या कुणाचं तरी असतं. सुभद्रेचं, शकुंतलेचं. लावणी फडावरची, अभंग देवासाठी. भावगीत मात्र 'माझं' असतं. एक माणूस, एक भावना आणि एक कविता. पुण्यात १९२३ मध्ये सुरू झालेल्या रविकिरण मंडळाचे कवी आपल्या कविता लोकांसमोर गाऊन म्हणायला लागले होते, त्यामुळे कविता ऐकायची सवय लागत होती. पण ते कार्यक्रम ज्यांना गाठता येतील त्यांच्यापुरतेच. तबकडीमुळे तीच गोष्ट खामगावच्या आणि यवतमाळच्या ओसरीवर पोचली.

आणि दुसरा फरक म्हणजे गाणारा कोण! तोपर्यंत रेकॉर्डवर गाणारे बहुतेक जण एकतर रंगभूमीवरचे नट, नाहीतर पिढीजात गाणाऱ्या घरांतले कलावंत. कायद्याची पदवी घेतलेला पांढरपेशा घरातला मुलगा काळा कोट घालून कोर्टात जातो आणि तबकडीवर मुलीच्या मनातलं प्रेमगीत गातो, ही साधी गोष्ट नव्हती. आजसुद्धा आपल्यापैकी कुणी घरी सांगून बघा, "बाबा, मी प्लेसमेंटला बसत नाही, गाणी रेकॉर्ड करणार आहे." मग कळेल!

थोडं इंजिनियरिंग (घाबरू नका, व्हायव्हा नाही)

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. हळवं प्रेमगीत जन्माला यायला कवी आणि गायक तर लागतातच, पण मायक्रोफोनही लागतो. कसं ते सांगते.

१९२५ च्या आधी रेकॉर्डिंग पूर्णपणे यांत्रिक होतं. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं. आवाजाच्या धक्क्याने कर्ण्याच्या टोकाचा पडदा हलणार, पडद्याला जोडलेली सुई हलणार आणि ती फिरत्या मेणाच्या जाड चकतीवर खाच पाडणार. मध्ये वीज नाही, अॅम्प्लिफायर नाही. खाच पाडायची सगळी ताकद गायकाच्या फुफ्फुसातून यायची! म्हणून तेव्हाचे गायक पट्टी चढवून, खणखणीत आवाजात गायचे. शिवाय साधारण अडीच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही उमटायचंच नाही. कुजबूज, श्वास, हळुवार 'स' आणि 'श', हे सगळं त्या कर्ण्यात हरवून जायचं. आता सांगा, कर्ण्यात ओरडून कुणी प्रेम व्यक्त करतं का?

१९२५ मध्ये विजेवरचं रेकॉर्डिंग आलं. मायक्रोफोन आवाजाचं रूपांतर विजेच्या संकेतात करतो, व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर तो मोठा करतो आणि खाच पाडायची मेहनत वीज करते. पाच हजार हर्ट्झच्या आसपासपर्यंतचे स्वर पकडता येऊ लागले. गायकाला ओरडायची गरज उरली नाही. समोरच्या एकाच माणसाशी बोलावं तसं गाता यायला लागलं. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारखे मऊ आवाजाचे गायक याच यंत्रावर मोठे झाले. आणि आपल्याकडे भावगीताच्या रेकॉर्ड गाजायला लागल्या त्या यानंतरच्याच वर्षांत. हा निव्वळ योगायोग आहे असं मला तरी वाटत नाही.

दुसरी गोष्ट लांबीची. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ वेळा फिरते. तिच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास गाणं मावतं. का? हिशोब करून बघा. सव्वातीन मिनिटांत सुमारे २५३ फेरे होतात. एका इंचात साधारण शंभर खाचा बसतात, म्हणजे अडीच इंच जागा लागते. तबकडीची त्रिज्या पाच इंच, त्यातला मधला भाग लेबलने खाल्लेला. झालं, जागा संपली! सरासरी त्रिज्या साडेआठ सेंटिमीटर धरली तर ती एकच सलग खाच उलगडल्यावर सुमारे १३५ मीटर भरते. शंभर मीटरच्या ट्रॅकपेक्षा लांब, आणि सुई ते अंतर सव्वातीन मिनिटांत चालून जाते.

त्यात आणखी एक मेख आहे. फेरे तेवढेच, पण सुई आत आत सरकते तसा परीघ लहान होतो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ९८ सेंटिमीटर खाच सरकते, शेवटी शेवटी त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे तीच माहिती कमी जागेत कोंबावी लागते, आणि बारीक, उंच स्वर सगळ्यात आधी खराब होतात. म्हणून जुन्या तबकडीवर गाण्याचा शेवट सुरुवातीपेक्षा थोडा घुसमटलेला वाटतो.

आता विचार करा. ज्या गवयाला एक राग मांडायला तासभर लागतो त्याला सव्वातीन मिनिटं म्हणजे शिक्षाच. पण कवितेला? ध्रुवपद आणि तीन-चार कडवी, मध्ये थोडी सारंगी किंवा पेटी. कविता त्या चौकटीत अगदी चपखल बसली. यंत्राने गाण्याला माप दिलं आणि भावगीताने ते माप अंगावर बेतून घेतलं.

आणि ही तबकडी बनायची कशापासून? लाखेपासून! शेलॅक म्हणजे शुद्ध केलेली लाख, तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी. लाखेचे किडे ज्या झाडांवर वाढतात त्यातलं एक म्हणजे आपला पळस. विदर्भात उन्हाळ्याच्या तोंडाशी लालभडक फुलतो तोच.

एक मात्र होतं. चूक झाली की संपलं. मेणाच्या चकतीवर एकदा खाच पडली की कट-पेस्ट नाही, 'अनडू' नाही. शेवटच्या ओळीला तबलजी खोकला तरी सगळं पहिल्यापासून, नव्या चकतीवर. टेप येईपर्यंत, म्हणजे १९५० च्या सुमारापर्यंत, असंच चालायचं. आपण आज एका कडव्याचे दहा तुकडे जोडतो आणि सूर चुकला तर 'ऑटो-ट्यून' लावतो. (हे ऑटो-ट्यून १९९७ मध्ये बाजारात आणणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींचं गणित करायचे. सिग्नल प्रोसेसिंगचा पेपर बोअर म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी!)

मायक्रोफोनच्या पलीकडे

इथपर्यंतची गोष्ट म्हणजे एका गायकाच्या यशाची गोष्ट. अशा पुष्कळ असतात. पण जी. एन. जोशींनी पुढे जे केलं त्यामुळे मी त्यांची फॅन झाले.

१९३८ मध्ये ते एचएमव्हीत नोकरीला लागले, रेकॉर्डिंगचं काम बघायला. म्हणजे इतके दिवस माइकच्या या बाजूला होते, आता काचेच्या त्या बाजूला. कोणाचं गाणं घ्यायचं, काय घ्यायचं, तासाभराची चीज सव्वातीन मिनिटांत कशी बसवायची, रुसलेल्या उस्तादांना स्टुडिओत कसं आणायचं, हे सगळं त्यांच्याकडे. सुमारे तीन दशकं त्यांनी हे काम केलं. कंपनीला तेव्हा गायकाची नजर असलेला माणूस मिळाला, आणि गवयांना समोर कारकून न दिसता गाणं समजणारा माणूस दिसला.

त्यांच्या हातून काय काय झालं ते बघा. बडे गुलाम अली खाँ यांचं गाणं त्यांनी रेकॉर्ड केलं. उस्ताद अमीर खाँ अतिशय संथ, विस्ताराने गाणारे. तीन मिनिटांच्या तबकडीत हा माणूस मावणारच नव्हता. पण परदेशात १९४८ मध्ये लाँग प्ले रेकॉर्ड आली, मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्यांच्या थोड्या वर फिरणारी आणि एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त वेळ देणारी. ती भारतात रुळल्यावर १९६० मध्ये अमीर खाँ साहेबांच्या मारवा आणि दरबारीची एलपी निघाली. शास्त्रीय संगीत ऐकणारे आजही तिचं नाव काढलं की कानाला हात लावतात. यामागेही जोशी होते.

आणि १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली'! शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. तिघेही तेव्हा तरुण. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांमधून सांगायचा, अशी कल्पना. ही रेकॉर्ड जगभर गेली. तिचे निर्माते होते जी. एन. जोशी.

म्हणजे बघा, ज्यांनी कवितेला सव्वातीन मिनिटांत बसवलं, त्यांनीच पुढे मोठ्या गाण्याला त्याची मोकळी जागा मिळवून दिली. यंत्र बदललं तसं त्यांनी कामही बदललं.

या सगळ्या आठवणी त्यांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. मराठीत 'स्वरगंगेच्या तीरी' आणि इंग्रजीत 'डाउन मेलडी लेन'. (माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना दुसरं सोपं पडेल. पण मी आता पहिलं वाचायचं ठरवलंय.) १९९४ मध्ये ते गेले.

आणि एक इंजिनियर

भावगीताची वाट पुढे गजानन वाटवे आणि इतर अनेकांनी मोठी केली. पण आपल्या कॉलेजच्या मासिकात एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही, ते म्हणजे अरुण दाते. इंदूरचे, जन्म १९३४. टेक्स्टाइल इंजिनियर! कापड गिरणीच्या कंपनीत नोकरी करता करता गायचे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सुधा मल्होत्रांबरोबर 'शुक्रतारा' गायलं. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची. आणि हे गाणं गाजलं कशावरून? रेडिओवरून. पुन्हा एक नवं यंत्र, पुन्हा एक हळवा आवाज आणि पुन्हा एक कविता. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा माझ्या आजीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला कळत नव्हतं कशासाठी. आता थोडं कळतं.

एक वकील, एक इंजिनियर. दोघांनीही पोटापाण्याचं शिक्षण पूर्ण केलं आणि गाणंही सोडलं नाही. हे मी उपदेश म्हणून सांगत नाहीये, बॅकलॉग असताना उपदेश शोभत नाही! पण सबमिशनच्या रात्री असं वाटतं ना, की आता आयुष्यभर हेच, बाकी सगळं संपलं? तेव्हा ही दोन माणसं आठवली की जरा बरं वाटतं.

तर मग मावशींचं काय?

मूळ प्रश्नाकडे येते. कुणाचं गाणं रेकॉर्ड होतं? मला सापडलेलं उत्तर असं : जिथे यंत्र पोचतं आणि यंत्रामागे कान असलेला माणूस बसलेला असतो, त्याचं. एचएमव्हीचं यंत्र महाग होतं. ते मुंबई-कलकत्त्यात होतं, मेण, लाख, कारखाना, दुकानदार अशी लांबच लांब साखळी होती. भंडाऱ्याच्या बांधीत चिखलात वाकून धान रोवणाऱ्या बाईपर्यंत ते यंत्र पोचणं अवघडच होतं. शिवाय तिचं गाणं सव्वातीन मिनिटांत मावणारं नव्हतंच. ते बांधी संपेपर्यंत चालायचं.

मजा म्हणजे आजही यंत्र गाण्याला माप देतंच आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद गाणं ऐकलं की ते 'ऐकलं' असं मोजलं जातं. म्हणून हल्लीच्या गाण्यांत लांबलचक सुरुवात नसते, पहिल्या काही सेकंदांतच ध्रुवपद आदळतं. रील्सने तर माप आणखी कमी केलं. जी. एन. जोशींना निदान सव्वातीन मिनिटं मिळाली होती!

पण एक गोष्ट बदलली आहे. आता यंत्र आपल्या खिशात आहे. माझ्या मोबाईलचा माइक १९३० च्या दशकातल्या त्या माइकपेक्षा कितीतरी जास्त पकडतो, आणि मेमरी कार्डवर मारव्याच्या शेकडो एलपी मावतील. उरला प्रश्न यंत्रामागच्या कानाचा. मी तीन वर्षं रोज त्या मावशींच्या हातचं जेवतेय आणि त्या गातात हे मला माहीतच नव्हतं. माझ्या कानाला सतत इयरफोन!

मागच्या रविवारी दुपारी मेस रिकामी झाल्यावर मी मावशींना म्हटलं, "ते रोवणीचं गाणं पुन्हा म्हणा ना, मी भरून घेते." आधी त्या लाजल्या, मग "थांब, नीट बसते" म्हणाल्या, पदर सावरला आणि समोरच्या मोबाईलकडे असं बघायला लागल्या जसं काही पाहुणाच आलाय. पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला (फ्रिजचा पन्नास हर्ट्झचा हम् येतो, लक्षात ठेवा). दोन कडवी त्यांनी मोठ्या आवाजात म्हटली. मग पहिल्यासारख्याच अडल्या. मी रेकॉर्डिंग थांबवलं नाही. त्या थोडा वेळ ओठ हलवत बसल्या, मग म्हणाल्या, "माया बहिणीले येत असन. लाखांदूरले आहे. तिले फोन लाव."

फोन लावला. स्पीकरवर. बहिणीने आधी "काय झालं, तब्येत बरी आहे ना" विचारलं, मग दोघी हसल्या. आणि मग तिने तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ म्हटली. दुसरी ओळ इकडून मावशींनी. तिसरी तिकडून. असं दोघींनी मिळून ते पूर्ण केलं. फोनच्या लाइनमुळे आवाज फाटका आलाय, वरचे स्वर गायब आहेत, अगदी १९२५ च्या आधीच्या कर्ण्यासारखं. रेकॉर्डिंग आहे चार मिनिटं दहा सेकंदांचं. दहा इंची तबकडीवर ते मावलं नसतं.

दिवाळीच्या सुट्टीत सगळे घरी जाणारच आहात. तुमच्या आजीला, मामीला, शेजारच्या काकांना, हॉस्टेलच्या वॉचमन दादांना एकदा विचारा, तुम्हाला कुठलं गाणं येतं? आणि म्हणतील तेव्हा पंखा बंद करायला विसरू नका. सुट्टीनंतर सगळ्यांनी आणलेलं एका पेन ड्राइव्हवर जमा करून आपल्या लायब्ररीत ठेवावं असं मी वॉर्डन मॅडमना सुचवलं आहे. त्या "बघू" म्हणाल्या आहेत. पेन ड्राइव्ह मी आणला आहे. पहिली फाइल त्यात भरलेली आहे.